चालत्या बोटीची वीज गेली: एका जुन्या जेट बोटीचं प्रकरण

वायमाकारिरी नदी न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समधून निघते आणि क्राइस्टचर्चच्या उत्तरेला समुद्राला मिळते. मैदानात उतरली की ती एका धारेत राहत नाही. गोट्यांच्या रुंद पात्रात तिचे अनेक फाटे फुटतात, पुढे पुन्हा जुळतात, आणि प्रत्येक पुरानंतर वाटा बदलतात. पाणी एका ठिकाणी कमरेइतकं असतं, तर दहा पावलांवर जेमतेम घोटा बुडतो. अशाच नद्यांसाठी विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) यांनी आयरिशमन क्रीक या आपल्या मेंढ्यांच्या रानात १९५०च्या दशकात जेट बोट घडवली. हिला बाहेर पंखा नाही आणि सुकाणूही नाही. तळातून पाणी आत ओढायचं, मागच्या नळीतून जोरात बाहेर फेकायचं. नळीचं तोंड वळवलं की बोट वळते. १९६० साली अशाच बोटी कोलोरॅडो नदीतून, प्रवाहाच्या उलट, ग्रँड कॅन्यन चढून गेल्या.

ही रचना डोळ्यांसमोर असल्याशिवाय पुढच्या प्रकरणातला धोका कळणार नाही. पंप फिरायचा थांबला की जेट बोटीला दिशा देणारं काहीच उरत नाही. चाक कितीही फिरवा, नळीतून पाणीच येत नसेल तर बोट वळत नाही. शिवाय वेगात असताना ती पाण्यावर उचललेली असते, तेव्हा वीतभर पाणीही तिला चालतं. वेग गेला की ती खाली बसते आणि जास्त खोली मागते. इंजिन बंद, दिशा हातची गेलेली, बोट खाली बसलेली आणि प्रवाह तिला काठावरच्या विलोच्या झाडांकडे ओढतोय, हे सगळं काही सेकंदांत घडतं. मोटारीची वीज गेली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. नदीला तशी कडा नसते. म्हणून जेट बोटीतला ‘लूज कॉन्टॅक्ट’ मी कधीच किरकोळ मानत नाही.

माझ्याकडे दुरुस्तीला आलेली बोट ॲल्युमिनियमची, साडेपाच मीटरच्या आसपास लांब, १९८०च्या दशकात बांधलेली. इंजिन ३५० घन इंची व्ही-८, कार्ब्युरेटरचं, साध्या कॉइल-इग्निशनचं. गिअरबॉक्स नाही, इंजिनाचा दांडा थेट पंपाला जोडलेला. बॅटरी मागे, इंजिनाशेजारी. मालक निवृत्त शेतकरी, नदीत मुरलेला माणूस. बोट त्याच्याकडे येण्याआधी कित्येक वर्षं नदीच्या मुखाशी सामन मासे धरायला जात होती, म्हणजे खारं पाणी तिच्या अंगाला भरपूर लागलेलं होतं. ही माहिती त्याने जाता जाता सांगितली, पण मला ती फार कामाची वाटली.

त्याची तक्रार अशी. प्रवाहाविरुद्ध बराच वेळ वर गेल्यावर इंजिन एकदम बंद पडतं. अडखळत नाही, खोकत नाही, थेट बंद. त्याच क्षणी डॅशबोर्डवरचे सगळे काटे शून्यावर. हॉर्न वाजत नाही, किल्ली फिरवली तर स्टार्टर सोडा, त्याला वीज जोडणाऱ्या सोलेनॉइडची ‘टक’सुद्धा ऐकू येत नाही. वल्ह्याने कशीबशी बोट गोट्यांवर लावायची. थोडा वेळ गेला की सगळं आपोआप परत येतं आणि बोट काहीच झालं नाही अशी सुरू होते.

आधी दुसऱ्या ठिकाणी बॅटरी बदलून झाली होती. पुढच्या फेऱ्यांना बोट नीट चालली, मग पुन्हा तेच. नंतर किल्लीचा स्विच बदलला. पुन्हा काही दिवस नीट, पुन्हा तेच. येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडात दुरुस्ती लागू पडल्याचा हा भास नेहमी होतो. बॅटरी काढताना, डॅशखाली हात घालताना वायरिंग हलतं, कुठलीतरी सैल पिन जागेवर बसते, आणि श्रेय नव्या सामानाला मिळतं.

नदीवरच मिळालेली खूण

हत्यार हातात घेण्याआधी मी मालकाला एकच गोष्ट खोदून विचारली: सगळं म्हणजे नक्की काय काय बंद पडतं? त्याने आठवून सांगितलं की खालचा पाणी उपसायचा बिल्ज पंप चालू राहतो. एकदा बोट मेलेली असताना तो मागे घरघरत होता.

या एका वाक्याने अर्धी बोट संशयातून सुटली. तो पंप तरंगत्या स्विचवर चालतो आणि त्याची वायर डॅशबोर्डकडे न जाता स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर जाते. तो चालू होता, म्हणजे बॅटरी जिवंत होती आणि तिच्या खांबांवरचे जोडही. दुसरीकडे ठिणगीसाठी वीज देणारी नुसती कॉइल गरम होऊन गेली असती, तर इंजिन बंद पडलं असतं पण काटे आणि हॉर्न राहिले असते. पेट्रोलची वाफ अडकली असती तरी तेच. इथे डॅशकडे जाणारं सगळंच एकदम गेलं होतं. म्हणजे बिघाड बॅटरी आणि डॅश यांच्यातल्या एका सामाईक वाटेवर होता.

ती वाट या बोटीत अशी होती. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड केबल स्टार्टरच्या खांबावर. अल्टरनेटरची वायरही तिथेच येते. त्या खांबावरून एक लाल वायर, साधारण ५ चौरस मिलिमीटर जाडीची, ५० अँपिअरच्या ब्रेकरमधून इंजिनाच्या मुख्य कपलरमध्ये जाते. हा दहा पिनांचा, काळ्या रबराचा गोल कपलर, म्हणजे वायरींचे दोन जुडगे जोडणारा प्लग. तिथून पुढे लाल वायर डॅशवर, मग किल्लीचा स्विच आणि फ्यूजपेटी. निगेटिव्ह परतीची वायर वेगळी. पुढची प्रत्येक गोष्ट त्या कपलरच्या एकाच पिनेतून जात होती.

आणखी एक खूण मालकाच्या बोलण्यात होती. डॅशवरचा व्होल्टमीटर गेले दोन-तीन मोसम इंजिन चालू असताना १२ च्या आसपासच राहायचा. अल्टरनेटर म्हातारा झाला असेल असं समजून त्याने ते सोडून दिलं होतं. आणि बिघाड जास्त करून त्याच दिवशी यायचा, ज्या दिवशी इंजिनखोलीतली हवा बाहेर काढणारा ब्लोअर चालू ठेवलेला असे. एक भार वाढला की बिघाड लवकर यायचा. म्हणजे हे उष्णतेचं प्रकरण होतं.

तरी कपलरवर लगेच बोट ठेवता येत नव्हतं. काही ब्रेकर गरम झाले की उघडतात आणि थंड झाले की आपोआप जुळतात. त्यांची लक्षणं हुबेहूब हीच असतात. दोघांपैकी कोण, हे मोजल्याशिवाय ठरणार नव्हतं.

भार लावून मोजणं

माझ्याकडे कामाला देवगडचा एक मुलगा आहे. वडिलांची मासेमारीची बोट असल्यामुळे खाऱ्या हवेत तांब्याचं काय होतं हे त्याला सांगावं लागत नाही. त्याने मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १२.६, डॅशच्या लाल वायरवर १२.६.

“दादा, इथपर्यंत तर पूर्ण येतंय. वायर चांगली आहे.”

“पूर्ण व्होल्टेज येतंय. करंट येतो का, ते कुठे बघितलंस?”

याच पायरीवर आधीच्या दोन्ही दुरुस्त्या चुकल्या असाव्यात, म्हणून इथे थांबून सांगतो. मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. वाटेत १,००० ओहमचा खराब जोड असला तरी मीटरच्या वाचनात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडत नाही, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरची एक तार शाबूत असली तरी तो १२.६ दाखवतो. मग ओहमवर मोजावं म्हटलं, तर नेहमीच्या मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो आणि आपण शोधत असतो ०.१ ओहमचा जोड. तो त्या वाचनात बुडून जातो. खरा करंट वाहत असताना प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट हरवतात, हे मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

जेट बोटीत इंजिन चालवून हे ट्रेलरवर करता येत नाही. गिअरबॉक्स नसल्याने इंजिनाबरोबर पंप फिरतोच, आणि त्याच्या मागच्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण असतं. कोरडं फिरवलं तर बेअरिंग जातं. नुसती किल्ली चालू ठेवून बसणंही बरं नाही, कारण इंजिन थांबलेलं असताना कॉइलमधून सतत करंट गेला तर ती तापते. म्हणून कॉइलची आणि पेट्रोलच्या इलेक्ट्रिक पंपाची वायर सोडवली आणि त्यांच्या जागी डॅशवर मोटारीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे तीन बल्ब जोडले.

त्याच्याही आधी इंजिनखोलीचं झाकण उघडून वारा खेळू दिला, तळाशी पेट्रोलचा वास नाही ना ते नाक लावून पाहिलं, आणि मगच पहिला जोड हलवला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साचून राहते, आणि खराब जोड हलवला की ठिणगी पडतेच. घाईच्या दिवशीही ही पायरी मी सोडू देत नाही.

बल्ब लागले. क्लॅम्प मीटरवर १३ अँपिअर. बॅटरीवर भाराखाली १२.४ व्होल्ट होते, आणि डॅशवर फक्त १०.७. मघाशी पूर्ण वाटणारी वायर वाटेत १.७ व्होल्ट खात होती.

आता टप्प्याटप्प्याने. बॅटरीच्या खांबापासून स्टार्टरच्या खांबापर्यंत ०.०२ व्होल्ट. ब्रेकरच्या दोन टोकांत ०.०६, म्हणजे ब्रेकर निर्दोष सुटला. डॅशची लाल वायर ०.१३, तिच्या लांबीला साजेसं. निगेटिव्ह परतीच्या वाटेवर ०.१६, थोडं जास्त, पण गुन्हेगार नव्हे. आणि कपलरमध्ये एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघताना, बोटभर अंतरात, १.३५ व्होल्ट.

१.३५ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर म्हणजे साडेसतरा वॉट. इतकी उष्णता एका पिनेत, रबराच्या बंद डबीत. छोटा सोल्डरिंग आयर्न कपलरमध्ये खुपसून ठेवल्यासारखंच ते होतं.

मीटर तसाच लावून आम्ही थांबलो. वाचन चढत गेलं. १.३५ चं १.६, मग २ च्या वर. बल्ब पिवळे पडत गेले. कपलरला हात लावला तर चटका बसत होता. मग एकाएकी बल्ब विझले आणि कपलरच्या दोन टोकांतलं वाचन १२.६ वर गेलं, म्हणजे बॅटरीचं अख्खं व्होल्टेज त्या एका जोडावर. नदीवर जे घडत होतं तेच ट्रेलरवर, मीटरच्या साक्षीने घडलं. काही मिनिटांत कपलर निवला आणि कुणी हात न लावता बल्ब पुन्हा पेटले. मुलगा काही बोलला नाही. वही काढून आकडे लिहायला बसला.

कपलरच्या आत

बॅटरीची निगेटिव्ह सोडवून कपलर ओढून काढला. नऊ पिना मळकट पण ठीक होत्या. दहावी, लाल वायरची, काळी-हिरवी पडलेली, आणि तिच्याभोवतीचं रबर जळून कडक झालेलं. मादी पिनेचे पाकळ्यांसारखे पत्रे पसरले होते. तापून त्यांची स्प्रिंग गेली होती. नर पिन त्यात नुसती टेकत होती.

हे एका दिवसात होत नाही. मूळ बोटीत त्या पिनेतून इग्निशन, काटे, दिवे आणि अधूनमधून ब्लोअर एवढाच भार जायचा. वर्षानुवर्षं आधीच्या मालकांनी इलेक्ट्रिक पेट्रोल पंप, प्लॉटर (नकाशा दाखवणारा पडदा), स्टिरिओ आणि पुढच्या भागातला दुसरा पाणी उपसायचा पंप असं एकेक सामान डॅशच्या फ्यूजपेटीवरच जोडलं. जोडणाऱ्याला तिथे रिकामा खांब दिसला आणि १२ व्होल्टही मिळाले. त्यामागची वायर आणि पिन मात्र तीच राहिली. मिठाने पिनेवर पापुद्रा आला, रोध वाढला, उष्णता वाढली, उष्णतेने स्प्रिंग ढिली पडली, त्यामुळे रोध आणखी वाढला. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही. डॅशचा काटा १२ वर रेंगाळत होता तेव्हाच ते सुरू झालेलं होतं. अल्टरनेटर बिचारा १४ च्या वर देत होता, पण ते काट्यापर्यंत पोचत नव्हतं.

पिन घासून, स्प्रे मारून परत लावता आली असती, आणि बोट त्या दिवशी चालली असती. ते मी केलं नाही. स्प्रिंग गेलेली पिन कितीही चकचकीत केली तरी धरत नाही. वायरचं आवरण सोलल्यावर दुसरं कारणही दिसलं: तांबं आत बोटभर काळं पडलेलं. कथिल न चढवलेल्या तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी वातीसारखं आत चढत जातं. तांबं लखलखीत दिसेपर्यंत कापत मागे जावं लागलं.

काय बदललं

मुख्य लाल वायर कपलरमधून कायमची बाहेर काढली. इंजिनाच्या वर, पाणी उडणार नाही अशा ठिकाणी एक इन्सुलेटेड बोल्ट-खांब बसवला आणि दोन्ही बाजूंच्या वायरींच्या टोकांना गोल लग (धातूची कडी) दाबून बसवून त्या खांबावर नटाने आवळल्या. लगवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. वर रबरी टोपी. नटाच्या जोडात स्प्रिंग थकायचा प्रश्नच नसतो, आणि पुढे कुणाला तपासायचं असेल तर पाना पुरतो. कपलरमध्ये आता फक्त काट्यांच्या आणि सिग्नलच्या हलक्या वायरी राहिल्या.

मग भार वेगळे केले. बॅटरीवरून कथिल चढवलेली १६ चौरस मिलिमीटरची नवी जोडी डॅशखाली नेली, बॅटरीच्या अगदी जवळ ४० अँपिअरचा ब्रेकर लावून. तिथे दुसरी फ्यूजपेटी, आणि प्लॉटर, स्टिरिओ, ब्लोअर, पुढचा पंप सगळे तिच्यावर. इग्निशन आणि पेट्रोल पंप तेवढे जुन्या वाटेवर. यात माझा हेतू फक्त करंट वाटण्याचा नव्हता. उद्या स्टिरिओच्या वायरीत काही घडलं तर त्याने इंजिन बंद पडता कामा नये. ज्या बोटीत इंजिन म्हणजेच स्टिअरिंग, तिथे इग्निशनची वाट इतरांना वापरायला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. इंजिनखोलीतला प्रत्येक ब्रेकर आणि स्विच ठिणगी बाहेर पडू न देणाऱ्या, बोटींसाठीच्या जातीचा घेतला. मोटारीच्या दुकानातलं स्वस्त सामान दिसायला तसंच असतं, पण पेट्रोलच्या वाफेशेजारी ते चालत नाही.

निगेटिव्हच्या वाटेवर ०.१६ का, हे शोधताना आणखी एक गोष्ट सापडली. स्टिरिओची निगेटिव्ह कुणीतरी सरळ बोटीच्या ॲल्युमिनियमवर स्क्रूने बसवली होती. मोटारीत बॉडी अर्थिंग चालतं, म्हणून इथेही केलं असणार. ॲल्युमिनियमच्या बोटीत हे फार महागात पडतं. परतीचा करंट धातूच्या अंगातून वाट काढतो, आणि बोट पाण्यात असताना त्यातला थोडा जरी पाण्यातून गेला तरी तो ॲल्युमिनियम खात राहतो. पत्र्याला छिद्रं पडतात, तीही तळाला, जिथे नजर जात नाही. स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी जमलेली होती. स्क्रू काढला, वायर निगेटिव्ह पट्टीवर नेली, तळ आतून-बाहेरून तपासला. खड्डे वरवरचे निघाले. वेळेत सापडलं.

ट्रेलरवर तेच तीन बल्ब नव्या फ्यूजपेटीला जोडून पुन्हा मोजलं. बॅटरीपासून तिथपर्यंत जाऊन-येऊन एकूण घट ०.२४ व्होल्ट. बोटींच्या अमेरिकी मानकांत महत्त्वाच्या सर्किटना ३ टक्के घट चालते, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६, त्याच्या आत आलो. मुख्य म्हणजे अर्धा तास बल्ब पेटते ठेवूनही आकडा हलला नाही. बल्ब जुन्या वाटेवर लावूनही पाहिले, तिथेही वाचन स्थिर आणि नवा बोल्ट-खांब हाताला गार.

शेवटची तपासणी नदीवर. मालक चाकावर, मी मागे थर्मामीटर घेऊन, मुलगा डॅशजवळ मीटर धरून. ब्लोअर मुद्दाम सतत चालू ठेवला. बॅटरीवर १४.२, डॅशवर १४.०. परतताना मालकाने विचारलं की बदललेल्या बॅटरीचे आणि स्विचचे पैसे वाया गेले का. स्विचबद्दल खरं सांगितलं: जुना चांगला होता, तो सुटं सामान म्हणून बोटीतच ठेवावा. बॅटरीचं सांगता येत नव्हतं, जुनी आता त्याच्याजवळ नव्हती.

इंजिनखोलीच्या झाकणाच्या आत मुलाने एक पत्रक लॅमिनेट करून चिकटवलं आहे. त्यावर नव्या वायरिंगचा नकाशा, प्रत्येक टप्प्यावरची घट, आणि ती कुठल्या भारावर मोजली ते लिहिलेलं आहे. खाली मालकासाठी एक सूचना: इंजिन चालू असताना डॅशचा काटा १३.५ च्या खाली राहिला, तर अल्टरनेटर बदलण्याआधी बॅटरीवर मीटर लावून दोन्ही आकडे ताडून बघावेत.